अक्कांसाठी एक कॉम्प्युटर

पियुष ढाकेच्या तोंडात पोह्यांचा घास होता, नाहीतर त्याने जरा विचार करून उत्तर दिलं असतं. फोन रावेरहून आईचा होता. संघाच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर घ्यायचाय, स्वस्तातला पण कामाचा, जळगावात तुझ्या ओळखीचं कोणी आहे का, एवढंच ती विचारत होती. म्हणजे तिला मुलाकडून फक्त एक फोन नंबर हवा होता. पण पियुष घास गिळता गिळता म्हणून गेला, "ओळखीचं कशाला? मीच बघतो ना."

समोर बसलेल्या त्याच्या बायकोने, चारुलताने, हातातला चमचा हळूच खाली ठेवला. (लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर बायको चमचा खाली का ठेवते हे नवऱ्याला कळायला हवं. पियुषला कळलं नाही. त्याने आणखी शेव मागितली.)

आता पियुषची कॉम्प्युटरमधली पात्रता काय, तेही सांगून टाकलं पाहिजे. जळगावच्या एका सरकारी कार्यालयात तो आवक-जावकला लिपिक होता. तीन वर्षांपूर्वी ऐन बैठकीच्या दिवशी साहेबांचा कॉम्प्युटर बंद पडला, सगळं ऑफिस हवालदिल झालं, तेव्हा पियुषने मागची वायर उपसून परत खोचली आणि तो चालू झाला. त्या दिवसापासून आपल्या हाताला काहीतरी गुण आहे अशी त्याची समजूत झाली, आणि ही कीर्ती लवकरच रावेरपर्यंत पोचली. पोचवली अर्थात त्यानेच.

त्याची आई झुंबरबाई. वय एकसष्ट. सगळं रावेर तिला अक्का म्हणायचं. वडील गेल्यावर केळीची बाग तिने एकटीने सांभाळली, आणि चार वर्षांपूर्वी त्रेचाळीस बायका गोळा करून सातपुडा महिला केळी उत्पादक संघ उभा केला. पूर्वी व्यापारी बांधावर उभा राहून भाव सांगायचा आणि बायका मान डोलवायच्या. आता तोच व्यापारी संघाच्या ऑफिसात येऊन बसायचा, चहा प्यायचा आणि मान डोलवायचा. ऑफिस म्हणजे पॅकिंग शेडला चिकटलेली दहा बाय बाराची खोली, पण त्या खोलीचं कुलूप अक्कांच्या कमरेला असे.

अडचण अशी झाली होती की, माल परदेशी पाठवणाऱ्या एका नव्या कंपनीला सगळं टाइप करून हवं होतं. कोणाच्या शेतात किती खोडं, लागवड कधीची, घड कधी कापणार, हे सगळं यादी करून मेलवर पाठवा, म्हणाले. वह्या चालणार नाहीत. हे कळल्याबरोबर शेजारच्या पॅकिंग हाउसचे मालक कौतिकनाना मदतीला धावून आले. माझ्याकडे लॅपटॉप आहे, भाचा टाइप करतो, तुम्ही बायका कशाला त्रास घेता, ऑफिसच माझ्याकडे हलवा, असं त्यांनी अगदी प्रेमाने सुचवलं. अक्कांना पुढचं सगळं दिसत होतं. आधी यादी नानांकडे जाणार, मग कंपनीचा फोन नानांकडे जाणार, आणि वर्षभरात संघाच्या पाटीवर फक्त महिला हा शब्द उरणार. पण निम्म्या सभासदांना नानांचं म्हणणं पटू लागलं होतं. तीन आठवड्यांनी रविवारी सभा होती. तोवर संघाचा स्वतःचा कॉम्प्युटर आला आणि चालला तर ठीक, नाहीतर ऑफिस नानांकडे, असं ठरलं होतं. आणि संघाकडे त्यासाठी होते वीस हजार.

यातलं निम्मं पियुषने ऐकलं. उरलेल्या निम्म्या वेळात तो मनातल्या मनात दुकानात शिरला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसातल्या स्वप्नीलचा सल्ला घेतला. स्वप्नील हा सत्तावीस वर्षांचा मुलगा जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बंदुकीचे खेळ खेळायचा, आणि त्यामुळे ऑफिसात तज्ज्ञ समजला जायचा. त्याने कागदावर अशा काही वस्तू लिहून दिल्या की त्यातला एक पंखाच नऊ हजारांचा होता. आतला भाग तापतो म्हणून पंखा लागतो, असं तो म्हणाला. रावेरला मे महिन्यात सगळंच तापतं, तेव्हा पियुषला ते पटलं. एकूण बेरीज ब्याऐंशी हजार झाली. पियुषने तो कागद खिशात ठेवला आणि दोन दिवस कोणाला दाखवला नाही.

मग त्याने स्वतःच अभ्यास सुरू केला. एक मोठा तक्ता आखला. चौदा प्रकारचे कॉम्प्युटर आणि प्रत्येकापुढे अकरा रकाने. रकान्यांची नावं त्याने जाहिरातींतून घेतली होती, त्यामुळे त्यात काय भरायचं हे बऱ्याचदा कळत नसे, तिथे तो 'बरा' असं लिही. चारुलता एकदा म्हणाली की अक्कांना त्यावर नेमकं काय करायचंय ते विचारून घे. पियुषने विचारलं. आई म्हणाली, यादी करायची, पत्र लिहायचं, मेल धाडायचा आणि कागद छापायचा. पियुषला वाटलं, आईला आपल्या गरजा नीट सांगता येत नाहीत. त्याने तक्त्यात बारावा रकाना वाढवला.

असे दोन आठवडे गेले. जळगावातल्या तीन दुकानांत तो जाऊन आला. पहिल्या दुकानात त्याला पाणी दिलं, दुसऱ्या दुकानात चहा, आणि तिसऱ्या दुकानात वीस हजार हा आकडा ऐकून नुसताच माउस दाखवला. रावेरहून आईचे फोन येत, "झालं का रे?" आणि हा सांगे, "फायनल स्टेजला आहे."

फायनल स्टेज आली ती सभेच्या आदल्या मंगळवारी. मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती बघताना त्याला एक ओळ दिसली. कॉम्प्युटर विकणे आहे, टेबल-खुर्चीसहित, धुळे. खाली मगनभाऊ असं नाव आणि नंबर. पियुषने तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडे एक शांत आवाज होता, अहिराणी बोलणारा. पियुषने किंमत विचारली.

"बठ्ठा मिळीसन अठरा हजार," मगनभाऊ म्हणाले.

बठ्ठा म्हणजे सगळं, हे खानदेशात राहणाऱ्या पियुषला कळत होतं. पण तो काही कच्चा गिऱ्हाईक नव्हता. त्याने एकेक वस्तू पक्की करून घेतली. स्क्रीन त्यात आला का? बठ्ठा. कीबोर्ड, माउस? बठ्ठा. टेबल, खुर्ची? बठ्ठा. प्रिंटर आहे का? तोही शे, जुना शे, पण बठ्ठा त्यातच. पियुषचा ऊर भरून आला. एका कॉम्प्युटरवर टेबल, खुर्ची आणि प्रिंटर फुकट. एवढा साधा माणूस पुन्हा भेटायचा नाही म्हणून त्याने भाव पाडायलाही बघितलं नाही, फोनवरूनच अठरा हजार पाठवून टाकले, आणि चारुलताला तो तक्ता दाखवून सांगितलं की अभ्यास कधी वाया जात नाही.

चारुलता एवढंच म्हणाली की फोटो मागवला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवारी रजा टाकून पियुष एसटीने धुळ्याला गेला. बरोबर एक मोठी रेक्झिनची बॅग होती, स्क्रीन गुंडाळायला जुनी सोलापुरी चादर होती. टेबल बसच्या टपावर टाकू, असा बेत होता. देवपुरात मगनभाऊंचा पत्ता सापडला. वरच्या मजल्यावर जुना टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास होता. मगनभाऊ पासष्टीचे, पांढरा सदरा, कपाळाला अष्टगंध. क्लास बंद करून मुलाकडे नाशिकला जायचं, जागा आज संध्याकाळपर्यंत मालकाला रिकामी करून द्यायची, असं त्यांनी चहा देता देता सांगितलं. खोलीत तीन रांगांत बारा टेबलं होती आणि प्रत्येकावर एक कॉम्प्युटर.

पियुषने विचारलं, यातला आमचा कोणता? मगनभाऊंनी हात सगळ्या खोलीवरून फिरवला आणि म्हणाले, बठ्ठा. पियुषला वाटलं, माणूस किती दिलदार, हवा तो निवडा म्हणतो. त्याने दुसऱ्या रांगेतला तिसरा निवडला, खुर्चीवर बसून चालू करून बघितला, माउस फिरवला, पडद्यावर बाण फिरला. तो समाधानाने मान हलवत होता, तेव्हा मगनभाऊ बाकीच्या अकरांच्या वायरी काढून त्यांची भेंडोळी करत होते. आपल्याला बसायला जागा व्हावी म्हणून एवढी आवराआवर करतात, असं वाटून पियुष दोनदा म्हणाला की राहू द्या, कशाला त्रास घेता.

मग मगनभाऊंनी विचारलं, "गाडी कोठे शे तुमनी?"

पियुषने बॅग दाखवली.

मगनभाऊंनी बॅगेकडे बघितलं. मग बारा टेबलांकडे बघितलं. मग पियुषकडे, जरा काळजीनेच. "एक नई, भाऊ," ते सावकाश म्हणाले. "ह्या बठ्ठा तुमना शेतस."

पियुषला आधी ऐकू आलं, मग कळलं, आणि मग तो दुसऱ्या रांगेतल्या तिसऱ्या खुर्चीवर परत बसला. बारा कॉम्प्युटर. बारा टेबलं. बारा खुर्च्या. एक प्रिंटर, एक फळा, वायरींनी भरलेली दोन पोती, आणि 'चपला बाहेर काढाव्यात' अशी फ्रेम केलेली एक सूचना. जुने होते म्हणून त्या भावात होते, आणि मगनभाऊंनी एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. आपल्याला एकच हवाय, हे पियुषनेच कुठे सांगितलं नव्हतं. सगळं सोडून द्यावं आणि एकच घेऊन जावं असंही त्याच्या मनात आलं, पण संध्याकाळी खोली रिकामी करायची म्हणून मगनभाऊ इतके निश्चिंत झाले होते की त्याच्याने ते बोलवेना.

त्याने गॅलरीत जाऊन चारुलताला फोन लावला. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती रागावली नाही, एकूण नग किती ते तिने विचारून घेतलं. मग ती कामाला लागली. तिचं माहेर सावद्याचं. रावेर-सावद्याची केळी धुळ्याला पिकवायला येते आणि गाड्या रिकाम्या परत जातात, हे तिला माहीत होतं. वीस मिनिटांत तिने सुकदेव नावाच्या ड्रायव्हरला गाडीसकट देवपुरात उभं केलं. आता आईंना फोन करू नकोस, म्हणाली, समोर जाऊनच सांग.

सुकदेवने सामान बघितलं आणि विचारलं, "शाळा काढून राह्यले का?" पियुषने नुसतं हो म्हटलं. केळीच्या पानांचा वास असलेल्या त्या पिकअपमध्ये बारा कॉम्प्युटर सोलापुरी चादरीखाली आडवे झाले, टेबलं वर उलटी बांधली गेली. मगनभाऊ खाली उतरून आले आणि एका कॉम्प्युटरवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले. चौदा वर्षं शिकवलं यावर, म्हणाले.

धुळे ते रावेर हा रस्ता लांब आहे, आणि अपराधी माणसाला तो आणखी लांब वाटतो. पारोळा गेलं, जळगाव गेलं, भुसावळ गेलं, आणि पियुष मनात भाषण जुळवत राहिला. एकदम घेतलं की स्वस्त पडतं, हे पहिलं वाक्य. भविष्याचा विचार करून, हे दुसरं. तिसरं वाक्य काही सुचेना. सावद्याला चहाला थांबले तर टपरीवरचे चार जण गाडीभोवती जमले आणि सुकदेवने त्यांना शाळेची सगळी माहिती दिली. कोणत्या माध्यमाची, तेही सांगितलं.

पाचच्या सुमाराला गाडी पॅकिंग शेडपुढे उभी राहिली. आत बायका केळीच्या फण्या धुवून खोक्यांत भरत होत्या. अक्का हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी गाडीला एक फेरी मारली. ओठ हलत होते, म्हणजे मोजत होत्या.

"मी एक सांगितला व्हता," त्या म्हणाल्या.

पियुषने भाषण सुरू केलं. एकदम घेतलं की स्वस्त पडतं. अक्कांनी ते पूर्ण ऐकून घेतलं, मग विचारलं की हे तुले धुळ्याला जायच्या आधी माहीत व्हतं का नंतर कळलं. पियुष म्हणाला, नंतर. मग आता उतरव, असं म्हणून त्या आत गेल्या.

त्याने उतरवलं. बायकाही मदतीला आल्या, पण टेबलं त्याने एकट्याने डोक्यावर वाहिली, बाराच्या बारा. त्याला ती शिक्षा वाटत होती, आणि वाटत होतं की शिक्षा लवकर संपली तर बरं. अक्का परत बाहेर येऊन उतरवलेल्या एका कॉम्प्युटरपाशी उभ्या होत्या आणि कोणीतरी मोबाइलवर फोटो काढत होतं. तेवढ्यात शेजारून कौतिकनाना आले, मांडलेल्या पसाऱ्याकडे बघून म्हणाले की भंगारवाल्याचा नंबर हवा असला तर माझ्याकडे आहे, आणि रविवारी सभेला येतो म्हणून गेले.

हे मात्र पियुषला लागलं. आईपुढे, त्रेचाळीस बायकांपुढे आणि नानांपुढे आपला हात काय चीज आहे ते दाखवायची वेळ आली होती. त्याने चार कॉम्प्युटर एका ओळीत मांडले, मगनभाऊंच्या पोत्यातली एक लांब वायर काढली, चौघांच्या पिना त्यात खोचल्या आणि ती वायर भिंतीतल्या पहिल्याच दिसलेल्या बोर्डात घातली. फट् असा आवाज झाला. कॉम्प्युटर चालू झाले नाहीत, पण शेडमधला धुण्याच्या टाकीचा पंप, पंखे आणि दिवे मात्र बंद झाले. टाकीत चाळीस खोक्यांची केळी तरंगत राहिली.

अंधारल्या शेडमधून एक तरुण बाई टेस्टर घेऊन आली. ही दिपमाला, संघातल्या कमलबाईंची सून. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन रावेरला आली होती आणि तेव्हापासून केळीवर स्टिकर लावायचं काम करत होती. तिने फ्यूज बांधला, पंप चालू केला, पियुषची वायर बोर्डातून काढली आणि मग कोणी न सांगता एका कॉम्प्युटरचं झाकण उघडून आत फुंकर मारली. लग्नाआधी तिने जळगावला कॉम्प्युटर दुरुस्तीचा वर्षभराचा कोर्स केला होता आणि सहा महिने दुकानात कामही केलं होतं. अक्कांनी विचारलं की मग इतके दिवस बोलली का नाही. दिपमाला म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी कॉम्प्युटर आणणाऱ्याचा शोध घेतला. चालवणारी कोणी आहे का, हे विचारलंच नाही."

अक्का जराशा ओशाळल्या. हे दृश्य पियुषने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

मग दिपमाला कामाला बसली. एकाची मेमरी काढून दुसऱ्यात, तिसऱ्याचा पॉवरचा डबा चौथ्यात. पियुष मधूनमधून म्हणत होता की मागची वायर उपसून परत खोचून बघू का, आणि ती दर वेळी नम्रपणे नको म्हणत होती. शेवटी तिने त्याला एक फडकं दिलं आणि कीबोर्ड पुसायला सांगितले. शनिवारी दुपारपर्यंत बारापैकी सात चालू झाले. उरलेल्या पाचांनी आपले अवयव त्या सातांना दिले होते.

एकच कॉम्प्युटर असता तर एकटी दिपमाला बसली असती आणि त्रेचाळीस जणींची वही संपायला आठवडा गेला असता. आता सात जणी बसल्या. दोघी-तिघी दहावी-बारावी शिकलेल्या होत्या, एक बालवाडीत शिकवत होती, आणि सातव्या कॉम्प्युटरवर खुद्द अक्का होत्या, एका बोटाने. शेजारी बसून दुसरी बाई वही वाचून दाखवायची. लागवड जून, खोडं अठराशे, पाणी ठिबकचं. पहिले दोन तास अक्षरं शोधण्यात गेले, नंतर बोटांना वाट सापडली. पियुषला वाचायला बसवलं होतं, पण त्याला बायकांचं वहीतलं अक्षर लागेना, म्हणून तो चहाकडे बघू लागला. संध्याकाळी एकशे बारा शेतांची यादी पुरी झाली, तेव्हा शेडमधल्या बायका हातातलं काम टाकून बघायला आल्या. प्रत्येकीला आपलं नाव पडद्यावर बघायचं होतं. एकीने तर ते दोनदा वर-खाली करून बघितलं.

रविवारी सभा भरली. कंपनीतर्फे ज्योत्स्ना मॅडम आल्या होत्या, तिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. कौतिकनाना पुढच्या खुर्चीत, मांडीवर भाच्याचा चकचकीत लॅपटॉप. ऑफिस आपल्याकडे हलवण्यात कशी सगळ्यांची सोय आहे, यावर ते बोलायला उभे राहिले. बोलता बोलता त्यांनी लॅपटॉप उघडला, बटण दाबलं, आणि पडद्यावर अक्षरं आली की अपडेट चालू आहे, कृपया बंद करू नका. खाली एक छोटं वर्तुळ फिरत राहिलं. भाचा एका लग्नाला बऱ्हाणपूरला गेला होता. नाना म्हणाले, दोन मिनिटं.

ज्योत्स्ना मॅडमनी घड्याळाकडे बघून विचारलं की पुढच्या पंधरा दिवसांत कापणीला येणारी शेतं कोणती, तेवढी यादी मिळेल का. नाना म्हणाले, मिळेल ना, हे वर्तुळ थांबलं की लगेच. अक्कांनी नुसतं दिपमालाकडे बघितलं.

आणि मगनभाऊंचा तो जुना प्रिंटर सुरू झाला. त्याचा आवाज म्हणजे पत्र्यावरून करवत ओढल्यासारखा होता. तो इतका मोठा होता की रस्त्यावरून जाणारा एक ट्रॅक्टरवाला थांबला. नाना बोलत होते, त्यांचे हात हलत होते, पण शब्द कोणाला ऐकू येत नव्हते. कडेला भोकं असलेला कागद एकेक ओळ करत बाहेर येत राहिला आणि जमिनीवर त्याची घडी पडत गेली. एकतीस शेतं, मालकिणीचं नाव, तारीख, अंदाजे घड. प्रिंटर थांबला तेव्हा शेडमध्ये जी शांतता पसरली तीत नानांचं शेवटचं वाक्य ऐकू आलं, "बायकांना हे झेपायचं नाही."

ज्योत्स्ना मॅडमनी कागद उचलला, कडेच्या भोकांच्या पट्ट्या एका झटक्यात फाडल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. त्यांनी यादी वरून खालपर्यंत वाचली. दोन ठिकाणी प्रश्न विचारले, त्या शेतांच्या मालकिणींनी जागेवरूनच उत्तरं दिली. मग त्या म्हणाल्या की तुमचा पत्ता आहे तोच राहू द्या, आम्ही इथेच येऊ.

तरीही रीत म्हणून हात वर करायला सांगितले. ऑफिस इथेच राहावं असं ज्यांना वाटतं त्यांनी. सगळ्यात आधी जो हात वर गेला तो रत्नाबाईंचा. रत्नाबाई संघाच्या जुन्या सभासद, आणि कौतिकनानांच्या घरच्या. नानांनी त्या हाताकडे बघितलं आणि लॅपटॉप मिटला. वर्तुळ तेव्हाही फिरतच होतं. बाकीचे बेचाळीस हात मोजायची गरज पडली नाही. जाताना नानांनी दिपमालाला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं की तेवढा लॅपटॉप बघून देशील का. सोमवारी आणा, ती म्हणाली, दहा ते सहा आम्ही इथेच असतो.

त्या दिवशी शेडमध्ये भरीत-पुरीचं जेवण झालं. पियुष कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला होता. अक्का भरताचं पातेलं घेऊन आल्या, त्याच्या ताटात मोठा डाव घातला आणि पाठीवर हात ठेवला. "एक सांगितला व्हता," त्या म्हणाल्या. "बरं झालं, तू नीट ऐकलं नाही." पियुषला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र उभ्या जन्मात मिळालं नव्हतं. जळगावला परतताना एसटीत तो शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होता की कोणतीही खरेदी करताना भविष्याचा विचार करावा लागतो.

बुधवारी वर्तमानपत्राच्या जळगाव आवृत्तीत संघाची बातमी आली, फोटोसकट. आईने सकाळीच फोन करून सांगितलं होतं. पियुषने स्टँडवरून सहा अंक घेतले, एक साहेबांना, एक स्वप्नीलला, बाकी संग्रहाला. ऑफिसात सगळ्यांना गोळा करून त्याने पान उघडलं. फोटोत अक्का कॉम्प्युटरवर हात ठेवून उभ्या होत्या आणि शेजारी तो स्वतः, चेहरा अगदी स्पष्ट. खाली ओळ होती: 'सातपुडा महिला केळी उत्पादक संघाच्या कार्यालयात कॉम्प्युटर दाखल. अध्यक्षा झुंबरबाई ढाके, शेजारी हमाल.'

स्वप्नीलने ती ओळ मोठ्याने वाचली. मग साहेबांनी वाचली. मग शिपायाने ती कापून सूचना फलकावर लावली.

पियुष जिन्यात जाऊन आईला फोन लावून बसला. पेपरवाल्यांना चूक सुधारायला सांग, म्हणाला. आई म्हणाली की पेपरवाल्यांची काही चूक नाही, ती ओळ मीच टाइप करून मेलवर धाडली, अन् त्यांनी एक अक्षर बदललं नाही. आवाजात कौतुक होतं, स्वतःच्या टायपिंगचं.

"अगं, पण 'मुलगा' लिहायचं ना."

"लिहित व्हती रे. पण माह्या कॉम्प्युटरचं 'ग' चं बटणच उठत नाही. 'मुलगा' लिहिलं का 'मुला' होऊन जाय. 'पोरगा' लिहिलं तं 'पोरा'. मग दिपमाला म्हणे, ज्यात 'ग' नाही असा शब्द पाहा."

पियुषने डोळे मिटले. मी येत्या रविवारी नवा कीबोर्ड घेऊन येतो, असं तो म्हणाला. आई म्हणाली, ते काम दिपमालाला सांगून झालंय, तू तसदी घेऊ नको. तेवढ्यात त्याला एकदम सुचलं.

"आई, 'चिरंजीव' लिहायचं. 'चिरंजीव'मध्ये 'ग' नाही."

"ते पह्यलेच लिहिलं व्हतं," अक्का शांतपणे म्हणाल्या. "पण फोटोत तुह्या डोक्यावर टेबल हाये. वाचून पाह्यलं, तं शोभंना."